हॅम रेडिओ : अँटेनाची उंची आणि संदेशाचा पल्ला

दिनांक २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीमुळे अंदमान-निकोबार बेटांची दूरध्वनी यंत्रणा विस्कळीत झाली. त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) येथे हौशी प्रसारणासाठी आले होते. या पथकाने आपले संच तातडीने मदतकार्यास जुंपले आणि बेटांवरील नागरिकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले.

परवानाधारक हौशी रेडिओचालकांना ‘हॅम’ असे संबोधले जाते. त्यांच्या लघुलहरी संदेशांना मनोरा अथवा उपग्रह लागत नाही. भूपृष्ठापासून सुमारे २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरील आयनांबराचा ‘एफ’ थर या लहरी पृथ्वीकडे परतवितो. मात्र लहर कोणत्या कोनात वर जाते आणि तिची वारंवारिता किती आहे, यावर ती कोठे उतरणार हे ठरते.

पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हे अंतर सुमारे १,३५० किलोमीटर आहे. एका झेपेत ते पार करण्यासाठी लहर क्षितिजापासून साधारण २० अंशांच्या कोनात निघावी लागते. दिवसा यासाठी १४ मेगाहर्ट्‌झचा पट्टा सोयीचा ठरतो. या पट्ट्यासाठी सुमारे १० मीटर लांबीची, मध्यभागी केबल जोडलेली तार, म्हणजेच अर्धतरंग द्विध्रुव अँटेना पुरेशी असते. ती जमिनीपासून किमान १० मीटर उंच बांधल्यास बरीचशी ऊर्जा क्षितिजाकडे कललेल्या दिशेने जाते. तारेच्या टोकांच्या दिशेने प्रसारण क्षीण असते. म्हणून तार इच्छित दिशेला काटकोनात ताणतात.

पोर्ट ब्लेअरपासून सुमारे २८० किलोमीटरवरील कार निकोबारसाठी मात्र हीच योजना सहसा उपयोगी पडत नाही. इतक्या जवळ उतरण्यासाठी लहर ६० अंशांहून अधिक कोनात वर जावी लागते आणि अशा चढ्या कोनात १४ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुधा आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. परिणामी, दूरचे केंद्र स्पष्ट ऐकू येते, पण शेजारचे बेट मूक राहते. अशा वेळी ७ मेगाहर्ट्‌झसाठी २० मीटर लांबीची तार अवघ्या चार-पाच मीटर उंचीवर बांधणे हितकारक असते. ती बहुतांश ऊर्जा डोक्यावर फेकते आणि लहरी आसपासच्या काहीशे किलोमीटर प्रदेशात उतरतात.

वेळेचाही विचार करावा लागतो. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील ‘डी’ थर कमी वारंवारितेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि ७ मेगाहर्ट्‌झ व त्याखालील पट्ट्यांचा पल्ला वाढतो. याउलट १४ मेगाहर्ट्‌झचा पट्टा रात्री अनेकदा बंद पडतो. सौरडागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रानुसारही ही स्थिती बदलत राहते.

प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केल्याने संदेश केवळ ३ डेसिबलने वाढतो. चुकीच्या उंचीवरील तार किंवा चुकीचा पट्टा यांमुळे होणारे नुकसान याहून कितीतरी अधिक असू शकते. आपत्तीत वीज नसताना बॅटरीवरील मर्यादित शक्तीतच काम भागवावे लागते. त्यामुळे निकटच्या आणि दूरच्या संपर्कासाठी दोन स्वतंत्र तारा आधीच तयार ठेवणे, त्या वीजवाहिन्यांपासून दूर बांधणे आणि दिवस-रात्र दोन्ही वेळी त्यांची चाचणी घेणे, ही पूर्वतयारी महत्त्वाची ठरते.