मावळातील कारागिरांचा वारसा

मावळातील कारागिरांची जुनी नावे शोधावयाची झाल्यास प्रथम कार्ल्याच्या लेण्यांत जावे लागते. श्री एकवीरा देवीच्या मंदिराशेजारील चैत्यगृह सुमारे २००० वर्षांपूर्वीचे आहे. त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. प्रवेशद्वाराशी ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. एका लेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने द्वाराचे दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. धन देणारा आणि हात राबविणारा, दोघांचीही नावे दगडावर कोरली गेली.

पुढे गावगाड्यात कारागिरांच्या वाट्याला हा मान फारसा आला नाही. सुतार नांगर घडवी, लोहार फाळाला टोक काढी, कुंभार मडकी देई, चांभार वहाणा शिवी आणि सुगीत खळ्यावर त्यांस बलुते मिळे. या व्यवस्थेत जातीची बंधने होती, अन्यायही होता. परंतु हातातील कसब अस्सल होते. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाटातून मुंबई जोडली गेली आणि कारखान्यांचा माल मावळात सहज येऊ लागला. पुढे लोखंडी नांगर, ट्रॅक्टर व प्लॅस्टिक आले. इरली, कणग्या, लाकडी औते माळ्यावर पडली. काही चुलीत गेली, काही मोडीत.

अशा वस्तू जपण्याचे मोठे कार्य पुण्यात कै. दिनकर केळकर यांनी केले. दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी अशा सुमारे २०,००० वस्तू राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी येथे सिद्धगिरी मठाच्या संग्रहालयात बारा बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले पुतळ्यांच्या रूपाने पाहावयास मिळतात.

मात्र वस्तू राहिली आणि घडविणाऱ्याचे नाव गेले, तर इतिहास अर्धाच उरतो. म्हणून घरातील जुने जाते, कणगी वा वाकस मोडीत देण्यापूर्वी ते कोणी घडविले, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. जीर्णोद्धारानंतर देणगीदारांची नावे फलकावर लागतात, ते योग्यच आहे. त्याच फलकावर सुतार, गवंडी व पाथरवट यांचीही नावे असावीत. ही रीत नवी नाही. कार्ल्याच्या डोंगरावर ती २००० वर्षांपूर्वीच पडली आहे.