कॅरिब लोक व भाषा

कॅरिब हे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेकडील बेटांवरील मूलनिवासी लोक आहेत. समुद्राला त्यांच्यावरूनच नाव पडले. 'नरभक्षक' या अर्थाचा युरोपीय भाषांतील शब्दही कोलंबसाने ऐकलेल्या त्यांच्या नावाच्याच एका रूपापासून आला. ही कीर्ती मुख्यतः त्यांच्या शेजाऱ्यांनी व जेत्यांनी पसरवली. १५०३ मध्ये स्पेनच्या राणी इझाबेलाने नरभक्षक ठरवलेल्यांना गुलाम करण्यास परवानगी दिली. त्यामुळे तसे ठरवणे हा फायद्याचा व्यवहार झाला. म्हणून त्या काळची वर्णने सावधपणे वाचावीत. बेटांवरील लोक स्वतःला कालिनागो म्हणवतात, तर मुख्य भूमीवरील लोक कालिन्या.

भाषा

कॅरिब भाषाकुलात दोन डझनांहून अधिक भाषा येतात. व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, ब्राझील व कोलंबिया या प्रदेशांत त्या बोलल्या जातात. माकुशी, पेमोन, त्रियो, वायाना व कालिन्या या त्यांपैकी काही होत. ब्राझीलमधील हिश्कार्याना भाषेमुळे या कुलाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले. तिच्या वाक्यात कर्म प्रथम, नंतर क्रियापद व शेवटी कर्ता येतो. 'मुलगा मासा खातो' हे तेथे 'मासा खातो मुलगा' असे होईल. मराठीत असा क्रम जोर देण्यासाठी किंवा काव्यात चालतो; तेथे मात्र तोच नेहमीचा होय. डेस्मंड डर्बिशायर यांनी या भाषेचे सविस्तर वर्णन केले. तोवर असा मूळ क्रम कोणत्याही भाषेत नसावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानत.

बेटांवरील कॅरिबांची भाषा मात्र, नावाने कॅरिब असली तरी, आरावाक कुलातील होती. पुरुषांच्या बोलण्यात कॅरिब शब्दांचा भरणा असे, स्त्रियांच्या बोलण्यात तसा नसे. कॅरिब योद्ध्यांनी आरावाक पुरुषांना मारून त्यांच्या स्त्रियांशी विवाह केले, ही त्यामागची परंपरागत कथा. ती चटकन पटण्याजोगी असली, तरी आज तिच्याविषयी शंका घेतली जाते. मुख्य भूमीशी असलेल्या व्यापारातूनही हे शब्द आले असावेत. फ्रेंच धर्मोपदेशक रेमों ब्रेतों याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश हे या भाषेचे प्रमुख साधन आहे. डोमिनिकात ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोपली.

गारिफुना

सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकी व कॅरिब लोकांच्या मिश्रणातून गारिफुना समाज उदयास आला. ब्रिटिशांशी झालेल्या युद्धानंतर १७९७ मध्ये त्यांना होंडुरासनजीकच्या रोआतान बेटावर हद्दपार करण्यात आले. आज ते होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमाला व निकाराग्वाच्या किनाऱ्यावर आढळतात. त्यांची भाषा बेटांवरील त्या भाषेचीच वंशज होय. 'मी' या अर्थी पुरुषांचा 'आउ' व स्त्रियांचा 'नुगुया' असे दोन शब्द तिच्यात टिकून आहेत. युनेस्कोने २००१ मध्ये गारिफुना भाषा, नृत्य व संगीत यांना मानवजातीचा वारसा म्हणून घोषित केले.

सद्यस्थिती

डोमिनिकाच्या पूर्व किनाऱ्यावर कालिनागोंसाठी १९०३ मध्ये सुमारे ३,७०० एकर भूमी राखून ठेवण्यात आली. तेथील जमीन सामाईक मालकीची आहे. २०२३ मध्ये सिल्व्हनी बर्टन या त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडल्या गेलेल्या पहिल्या कालिनागो व पहिल्या महिला ठरल्या.