पनामात न विणलेली टोपी

मी सोलापूरचा. दुसरीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून खपवली की आमच्याकडे लोक चिडतात. गेल्या वर्षी सुट्टीत इक्वाडोरमधल्या क्वेंका शहरात गेलो, तर तिथलं गाऱ्हाणं नेमकं उलटं होतं. माल त्यांचा, नाव भलत्याच देशाचं. जगभर 'पनामा हॅट' म्हणून मिरवणारी टोपी मुळात इक्वाडोरची आहे.

काये लार्गा या रस्त्यावरच्या एका दुकानदारानं टोपी उजेडासमोर धरली. माथ्यावर एकात एक वर्तुळं दिसली. जितकी वर्तुळं जास्त, तितकी वीण बारीक आणि किंमत चढी. (आमच्या धंद्यात याला रेझोल्यूशन म्हणाले असते.) त्यानं चाळीस डॉलर सांगितले, मी बत्तीसवर आणले. स्वतःवर खूश होतो.

हे गवत नाही. 'तोकिया' ही ताडासारखी दिसणारी, पण ताडाच्या कुळातली नसलेली वनस्पती. शास्त्रीय नाव कार्लुडोविका पाल्माटा. ती किनाऱ्याकडच्या दमट पट्ट्यात वाढते. तिचे न उमललेले कोंब तोडून चिरतात, उकळतात, वाळत घालतात. वाळताना प्रत्येक पाती आत वळून दोऱ्यासारखी गोल होते. मग हे तंतू डोंगर चढून अडीच हजार मीटर उंचीवरच्या क्वेंकाकडे येतात.

विणकामाचं जुनं घर किनाऱ्याजवळचं मोंतेक्रिस्ती. सगळ्यात तलम टोप्या अजून तिथल्याच, एकेकीला महिनेच्या महिने लागतात. क्वेंकाच्या भागात ही कला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली, हातांना काम मिळावं म्हणून. नंतर 1849 साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेले हजारो लोक पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून पलीकडचं जहाज पकडत. ऊन कडक, आणि इक्वाडोरच्या टोप्या तिथं विकायला आलेल्या. जिथं घेतली तिथलं नाव चिकटलं. 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम बघायला गेले, त्यांचे टोपीतले फोटो छापून आले आणि उरलीसुरली आशाही संपली.

या धंद्यानं एक राष्ट्राध्यक्षही दिला. मोंतेक्रिस्तीत 1842 साली जन्मलेला एलोय अल्फारो टोप्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. परागंदा झाल्यावर त्याचा आसरा पनामाच, तिथल्याच व्यापारातून आलेल्या पैशावर त्यानं उदारमतवाद्यांची बंडं पोसली. 1895 मध्ये तो सत्तेवर आला. ग्वायाकिल ते कीतो रेल्वे त्याच्याच कारकिर्दीत, 1908 साली पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी बसनं सिगसिगला गेलो. तिथं बायका गप्पा मारता मारता विणतात, हाताकडे बघतही नाहीत. एका आजींना मी माझी टोपी दाखवली. त्यांनी कड अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाल्या, चार दिवसांचं काम. त्या विणतात ती कच्ची टोपी. ती दलाल नेतो. धुणं, गंधकाची धुरी, साच्यावर बसवणं शहरात होतं. कच्च्या टोपीला किती मिळतात, ते मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा मी घासाघीस करून वाचवलेल्या आठ डॉलरपेक्षा दोननं जास्त होता.

त्यांच्याकडे धुतलेली, साच्यावरची टोपी नव्हतीच. मी कच्चीच एक घेतली, सांगतील त्या भावात. काठाला तंतू लोंबतायत, डोक्यावर नीट बसत नाही. 2012 मध्ये युनेस्कोनं या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात 'पनामा' नाही, 'तोकिया' आहे. बत्तीस डॉलरच्या टोपीत आत शिक्का आहे : 'जेन्युइन पनामा हॅट, मेड इन इक्वाडोर'. कच्चीत काहीच छापलेलं नाही.