वाघनखें आणि पेटीवरील मजकूर

अफझलखानाच्या वधाशीं जोडलेलीं वाघनखें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रांत आलीं व जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रथम मांडलीं गेलीं.

त्यांच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर म्हणतो कीं, हीं शिवाजीमहाराजांचीं नखें पेशव्यांच्या प्रधानानें साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांस दिलीं. परंतु त्याच मजकुरांत खानास मोगल सेनापति म्हटलें आहे. वास्तविक तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. शिवाय वध १६५९ सालचा, आणि डफ साताऱ्यास नेमले गेले १८१८ सालीं. मधलीं दीडशेंहून अधिक वर्षें नखें कोणाच्या हातीं होतीं, हें मजकूर सांगत नाहीं. म्हणूनच हीं तींच नखें होत याची खात्री देतां येत नाहीं, असें लंडनच्या संग्रहालयानें स्पष्ट केलें. यामुळें महाराजांच्या पराक्रमास यत्किंचितहि उणेपणा येत नाहीं.

पनवेलच्या एखाद्या जुन्या वाड्यांत किंवा कर्नाळ्याच्या परिसरांत गंजलेलें शस्त्र आढळल्यास तें घांसून लखलखीत करूं नये. तें कोठें, केव्हां व कोणाकडून मिळालें, हें प्रथम लिहून ठेवावें. पुढें संग्रहालयांत त्याची ओळख त्या टिपणावरच ठरेल.