उत्तेजकजन्य हृदयविकार व व्यायाम

अँफेटामीन, मेथॅम्फेटामीन, कोकेन यांसारख्या उत्तेजक द्रव्यांमुळे हृदयस्नायूला, हृदयरोहिण्यांना आणि ठोक्यांच्या लयीला होणारी इजा, तसेच त्या इजेवर व्यायामाचा होणारा परिणाम. द्रव्य अंगात असताना केलेला जोरकस व्यायाम जिवावर बेतू शकतो. द्रव्य सुटल्यावर देखरेखीखाली केलेला बेताचा व्यायाम मात्र उपचाराचा भाग ठरतो. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

मेथॅम्फेटामीन चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर ढकलते; कोकेन सुटलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन परत आत जाऊ देत नाही. त्यामुळे माणूस खाटेवर पडून असला तरी त्याचे हृदय जिना चढत असल्यासारखे धावते. त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी हृदयरोहिण्या आकसतात. कोकेन घेतल्यावर पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट होतो, असे १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. सेवन वर्षानुवर्षे चालले की स्नायूपेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊतक येते आणि डावी जवनिका फुगून सैल पडते. निरोगी जवनिका दर ठोक्याला आपल्यातले साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकते. टूडी एको पाहून ‘पंपिंग कमी झालंय’ म्हणतात, ते हे प्रमाण घटल्यामुळे. रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुततो. अशा रुग्णांत पस्तिशी-चाळिशीची माणसेही असतात, हे फार वाईट आहे.

१३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत मों व्हाँतूचा चढ चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन शिखराच्या अलीकडे कोसळला. रणरणते ऊन, अंगातले पाणी आटलेले, त्यात अँफेटामीन आणि मद्य. त्याला पुन्हा सायकलवर बसवले. थोडे अंतर जाऊन तो परत पडला, तेव्हा त्याची बोटे हँडलवरून सोडवावी लागली. वय अवघे २९. शरीर थांब म्हणत असते, पण अँफेटामीनमुळे ते ऐकू येत नाही. शिवाय त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्याने आतली उष्णता बाहेर पडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न व्यायामशाळेपर्यंत आला आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे मेफेन्टरमीन हे इंजेक्शन रचनेने मेथॅम्फेटामीनच्या जवळचे. जोर यावा म्हणून जिममधली काही मुले ते टोचून घेतात; पुण्या-मुंबईकडे त्याचे बेकायदा साठे पोलिसांनी पकडले आहेत. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब एरवीही उसळतो. त्यात हे इंजेक्शन म्हणजे भार दुप्पट.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी निवासी उपचार घेणाऱ्या मेथॅम्फेटामीन-व्यसनींना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम दिला. त्यात ट्रेडमिलही होती, वजनेही. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक पंचमांशाने वाढली. २०१४ च्या निबंधात नाडीची लवचिकताही सुधारल्याचे दिसले. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसुरी चालत नाही. श्वास घेताना नाडी किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. व्यसनात ही लय मावळते, ती काही अंशी परतली. मात्र हे निकामी हृदयाचे रुग्ण नव्हते. तशा रुग्णांसाठी आधार २००९ च्या एचएफ-ॲक्शन चाचणीचा आहे. तिच्यात निरनिराळ्या कारणांनी हृदय अशक्त झालेले २,३३१ रुग्ण होते. व्यायाम सुरक्षित ठरला, लाभ माफक दिसला.

सेवन थांबवणे आणि हृदयाची औषधे हा पाया. तेवढ्यानेही अनेकांचे पंपिंग सुधारते, तंतुमयता कमी असेल तर अधिक. ईसीजी व एको पाहून मगच सपाटीवरचे पाच-दहा मिनिटांचे चालणे सुरू होते. नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर औषध चालू असल्यास नाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर अंगात पाणी साठत असल्याची शंका घेऊन डॉक्टरांना गाठावे. पुन्हा सेवन घडले तर त्या दिवशी व्यायाम नाही. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर थेट रुग्णालयात जावे आणि काय घेतले ते खरे सांगावे. कोकेन घेतलेल्याला कोणते औषध द्यायचे, कोणते टाळायचे, हे त्यावर ठरते.