जुनी जीप, फियाट, ॲम्बेसेडर, मारुती ८०० : टायर आणि डिस्कची साइज कशी निवडायची? सविस्तर माहिती

नांदेड/लातूर : कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, औसा अशा तालुक्यांत आजही कितीतरी वाड्यांसमोर जुनी महिंद्रा जीप, फियाट नाहीतर मारुती ८०० उभी दिसते. कुणाची वडिलांच्या काळची, कुणी हौसेनं विकत घेऊन नव्यानं बांधलेली. इंजिनाचं काम मिस्त्री करून देतो, रंगही होतो. गाडी अडते ती टायरवर. मूळ साइज दुकानात मिळत नाही आणि मग "हा बसतो की" म्हणून कुठलाही टायर चढवला जातो. पण टायर रिमवर बसला म्हणजे तो गाडीला चालला, असं नाही. चुकीच्या टायरनं पैसे वाया जातात, आणि भर वेगात तो फुटला तर जिवावर बेततं.

मूळ साइज कोणती?

• महिंद्रा जीप (जुनी सीजे, एमएम ५४०, कमांडर) : ६.००-१६
• ॲम्बेसेडर : ५.९०-१५
• फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी : ५.२०-१४
• मारुती ८०० : १४५/७० आर १२
• मारुती जिप्सी : जुन्या मॉडेलला एफ७८-१५, नंतरच्या मॉडेलला २०५/७० आर १५

मॉडेल आणि वर्षाप्रमाणे यात फरक असू शकतो. त्यामुळे आपल्या गाडीचं पुस्तक किंवा गाडीवरची पट्टी बघून खात्री करावी. गाडीला आता जो टायर आहे तोच मूळ असेल, असं धरून चालू नये. आधीच्या मालकानं तो बदललेला असू शकतो.

आकडे कसे वाचायचे?

६.००-१६ ही जुनी पद्धत. टायरची रुंदी सुमारे ६ इंच आणि रिम १६ इंची. मधे नुसती आडवी रेघ असेल तर तो क्रॉस-प्लाय, म्हणजे नायलॉनचा टायर समजावा.

१४५/७० आर १२ ही नवी पद्धत. रुंदी १४५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. रिम १२ इंची.

यापुढे '६९ एस' असं काही छापलेलं असतं. ६९ हा वजनाचा कोड आहे, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो. 'एस' हा वेगाचा कोड आहे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. दुसरी साइज घेताना वजनाचा कोड मूळपेक्षा कमी नसावा.

सगळ्यात मोठा धोका : जीपला ट्रॅक्टरचा टायर

६.००-१६ हीच साइज बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना असते. गावात ट्रॅक्टरचा टायर सहज मिळतो, आकडा तोच, रिमवर बसतोही बरोबर. म्हणून तो जीपला लावायचा मोह होतो. पण दोन्ही टायरचं काम वेगळं आहे.

ट्रॅक्टरचा पुढचा टायर शेतात कमी वेगानं चालण्यासाठी बनवलेला असतो. त्यावर उभ्या तीन पट्ट्या असतात आणि बाजूला बहुतेक 'एफ-२' किंवा ट्रॅक्टर फ्रंट असं छापलेलं असतं. वेगाचा कोड ए६ असेल तर मर्यादा ताशी ३० किलोमीटर, ए८ असेल तर ४०. नांदेड–लातूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर जीप ६०-७० नं धावते. एवढ्या वेगात असा टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि उन्हाळ्यात, गाडीत माणसं भरलेली असताना फुटू शकतो. शिवाय नुसत्या उभ्या पट्ट्यांमुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते.

थोडक्यात, ६.००-१६ घ्यायचा तर जीपचाच घ्यावा. नुसती साइज वाचून पैसे देऊ नयेत, बाजूला काय छापलंय ते पूर्ण वाचावं.

साइज बदलायचीच असेल तर हिशोब असा

मूळ साइज मिळालीच नाही तर मुख्य नियम एकच : चाकाची एकूण उंची मूळच्या जवळपास राहिली पाहिजे. फरक साधारण २ ते ३ टक्क्यांच्या आत असावा.

हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४.

मारुती ८०० चं उदाहरण :
• मूळ १४५/७० आर १२ : १०१.५ ची दुप्पट २०३, अधिक ३०४.८ = ५०७.८ मिमी
• १५५/६५ आर १३ : २०१.५ अधिक ३३०.२ = ५३१.७ मिमी. फरक जवळपास ४.७ टक्के, म्हणजे जास्त.
• १५५/६५ आर १२ (टाटा नॅनोच्या मागच्या चाकाची साइज) : २०१.५ अधिक ३०४.८ = ५०६.३ मिमी. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे उंचीला बरोबर. फक्त गाडीच्या रिमची रुंदी त्याला चालते का आणि वजनाचा कोड पुरतो का, ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघून घ्यावं.

फरक जास्त झाला तर काय होतं? १३ इंची चाक लावलेल्या ८०० चा मीटर ८० दाखवत असताना गाडी खरं तर ८४ च्या आसपास असते. चढाला गाडी ओढत नाही, क्लच लवकर जातो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो.

जुन्या पद्धतीच्या टायरवर टक्केवारी नसते. तिथं खडूचा उपाय करावा. टायरवर आणि खाली जमिनीवर खूण करून गाडी सरळ ढकलायची. चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की किती अंतर गेलं ते टेपनं मोजायचं. त्याला ३.१४ नं भागलं की उंची मिळते. टायर फार झिजलेला नसावा आणि हवा बरोबर असावी.

रुंद टायर दिसायला भारी, पण…

जीपला २३५/७५ आर १५ सारखे रुंद टायर लावायची फॅशन आहे. उंची ७३३ मिमीच्या आसपास, म्हणजे मूळ चाकाच्या जवळच येते. अडचण रुंदीची आहे. जुन्या जीपची डिस्क साडेचार इंच रुंद असते आणि या टायरला किमान सहा इंची डिस्क लागते. म्हणजे डिस्कही बदलावी लागते. पॉवर स्टेअरिंग नसेल तर जागेवर वळवताना हात भरून येतात, बेअरिंगवर ताण वाढतो.

आपल्याकडच्या काळ्या रानातही अरुंद टायरचा फायदा असतो. वरचा चिखल थोडाच असेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या कडक थरापर्यंत जातो. रुंद टायर वरच्या वर फिरतो, त्याच्या खाचा काळ्या मातीनं भरतात आणि तो गोट्यासारखा गुळगुळीत होतो.

डिस्क बदलताना काय मोजायचं?

नटांची संख्या जुळली म्हणजे डिस्क जुळली, असं नाही. नटांच्या छिद्रांच्या मधून जाणाऱ्या गोलाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत लागतो. जुनी जीप आणि जिप्सीला तो ५ नट, १३९.७ मिमी आहे. मारुती ८०० ला ४ नट, ११४.३ मिमी.

चार नट असतील तर समोरासमोरच्या छिद्रांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे पीसीडी. पाच नट असतील तर शेजारच्या दोन छिद्रांचं अंतर मोजून १.७ नं गुणावं. मधलं मोठं भोक आणि डिस्क आत-बाहेर किती बसते हेही जुळायला हवं. छिद्रं मोठी करून किंवा वेल्डिंग करून डिस्क बसवू नये.

ट्यूब, रेडियल आणि जोड्या

• एका ॲक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल कधीच लावू नये. शक्यतो चारही सारखे घ्यावेत.
• दोनच रेडियल असतील तर ते मागे लावावेत.
• जुन्या डिस्क ट्यूबच्या टायरसाठी बनलेल्या असतात. त्यावर ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय चालवू नये. ट्यूबही त्याच साइजची घ्यावी.
• बाजूच्या चार आकडी कोडवरून टायरचं वय कळतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाचा चांगल्या असल्या तरी बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर तो टायर घेऊ नये.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी हवी.

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्या वेळी गाडी आरटीओकडे तपासणीला न्यावी लागते, मग पासिंग नांदेडचं (एमएच २६) असो की लातूरचं (एमएच २४). मडगार्डबाहेर आलेली चाकं तिथं अडचणीची ठरतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येऊ शकतो.

दुकानात पैसे देण्याआधी

१. मूळ साइज कागदावर लिहून न्यावी.
२. टायर जीप-कारचाच आहे ना, हे बाजूला वाचावं. आयएसआय खूण बघावी.
३. वजनाचा कोड, वेगाचा कोड आणि तारीख तपासावी.
४. बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि गाडीत माणसं बसवून टायर कुठे घासतो का ते बघावं.
५. पक्कं बिल घ्यावं आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.
६. स्टेपनीही त्याच उंचीची ठेवावी.