तीन तुकड्यांची विमान कंपनी

आम्ही मराठवाड्याची माणसं. समुद्र पाहायचा तर रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणार. त्यामुळं बेटांविषयी मी बोलावं याचं काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण बेट व्हायला पाणीच लागतं असं नाही. आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्या राज्यात होतं आणि १९४७ च्या ऑगस्टपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतचे तेरा महिने ते सबंध राज्य भारताच्या मधोमध एक बेटच होऊन बसलं होतं. नाकेबंदी लागली, तेव्हा सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानात शस्त्रं भरून हैदराबाद संस्थानात उतरवू लागला. निजामाच्या राज्याची टाटांबरोबरच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज नावाची रीतसर विमान कंपनीही होती. १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिची हकिकत पुन्हा कधीतरी. आज सांगायची आहे ती सात वर्षांनंतरची, गोव्यातली. तिथंही नाकेबंदी आहे, विमान आहे आणि कराचीसुद्धा आहे.

पोर्तुगीजांच्या ताब्यातला भारत म्हणजे सलग मुलूख नव्हता. खाली गोवा. तिथून सरळ वर साडेपाचशे किलोमीटरवर दमण. दमणहून खंभातच्या आखाताचं तोंड ओलांडलं की दोनशे किलोमीटरवर दीव, हे मात्र खरोखरचं बेट, जेमतेम चाळीस चौरस किलोमीटरचं. शिवाय दमणच्या आत जमिनीनं वेढलेले दादरा आणि नगर हवेली. लिस्बनमध्ये सालाझारनं १९५१ साली घटना बदलून या सगळ्याला वसाहतीऐवजी पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. कागदावर प्रांत झाला. पण या प्रांतातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर वाटेत भारत लागायचा.

ही अडचण किती जीवघेणी आहे ते १९५४ साली उघड झालं. जुलैत दादरा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केलं. त्या तुकडीत आपले संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. दमणहून पोर्तुगीजांना कुमक पाठवता आली नाही, कारण मधल्या भारतीय जमिनीतून भारतानं वाट दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९६० साली निकाल लागला: नागरिकांना वाटेचा हक्क होता, शस्त्रधारी सैनिकांना नाही. तोवर दादरा नगर हवेलीत पोर्तुगालचा माणूस उरला नव्हता.

१५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारतानं सीमा पुरती बंद केली. मुरगावची रेल्वे हद्दीपाशी थांबली, मुंबईचा दाणागोटा बंद झाला. मग पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडहून बटाटे आणि जपानहून सिमेंट येऊ लागलं. बेळगावचा बटाटा हाकेच्या अंतरावर असताना गोंयकारानं हॉलंडचा बटाटा सोलायचा! गंमत म्हणून सांगत नाही, राजकारण स्वयंपाकघरात शिरलं की असंच होतं.

याच वर्षी पोर्तुगीज सरकारनं विमान कंपनी काढली. तिच्या लांबलचक पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘पोर्तुगीज भारताची हवाई वाहतूक’. आद्याक्षरांवरून तिला ताइप म्हणत. गोव्यात दाबोळीला, दमणला आणि दीवला अशा तीन धावपट्ट्या तिच्यासाठी बांधल्या गेल्या. सुरुवातीची हेरॉन विमानं लहानखुरी, चार इंजिनांची, पंधरा-सतरा माणसं बसतील अशी. पुढं मोठी विमानं आली, आणि गोव्याहून कराचीमार्गे थेट लिस्बनपर्यंत सेवा गेली. समुद्रावरून उडालं की भारताच्या जमिनीला पाय न लावता प्रांताच्या एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात उतरता येई. नकाशावरचे तीन ठिपके शिवणारा हा दोरा होता, आणि माझ्या मते तो मुख्यतः नकाशासाठीच काढलेला होता.

तरी विमानात बसते ती माणसंच. कराचीत गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती फार आधीपासून होती. दीवची वांझा विणकर मंडळी पिढ्यानपिढ्या मोझांबिकला जात आली होती. सरकारं कशासाठी भांडताहेत याच्याशी या लोकांचा संबंध थोडा. त्यांना बहिणीच्या लग्नाला, आईच्या आजारपणाला पोचायचं होतं. हे मला कळतं, कारण १९४८ नंतर आमच्या मोहल्ल्यातलीही कित्येक घरं कराचीशी वाटली गेली. माझ्या लहानपणी तिथली पत्रं यायची, आणि ती मोठ्यानं वाचली जायची. ज्या शहराचं नाव एका घरात शस्त्रांशी जोडलं जातं, त्याच शहरात दुसऱ्या घराची मावशी राहत असते.

ताइप सहा वर्षं चालली आणि एका रात्रीत संपली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. इमारत आणि बाहेर उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र त्यांनी जाणूनबुजून शाबूत ठेवली; त्यांतलं एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं, दुसरं ताइपचं. त्या रात्री उरलेल्या तोकड्या धावपट्टीवरून ही दोन्ही विमानं उडाली आणि समुद्राला लागून अगदी खालून, कराचीला गेली. ताइपचं विमान कंपनीचे संचालक मेजर सोलानो द आल्मेइदा यांनी स्वतः चालवलं. आत होती ती काही अधिकाऱ्यांची कुटुंबं. ज्यांच्यासाठी बटाटे हॉलंडहून आणले, ते लोक खालीच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, ते भारताचे नागरिक होण्याच्या वाटेवर होते. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

धावपट्ट्या राहिल्या. दाबोळी नौदलाकडे गेलं, आणि गोव्याला येणाऱ्या पर्यटकांच्या कितीतरी पिढ्या त्याच धावपट्टीवर उतरल्या. दमणचा तळ तटरक्षक दलाकडे आला. रेल्वे पुन्हा सुरू झाली, बेळगावचा भाजीपाला पुन्हा पणजीच्या बाजारात येऊ लागला.

एक गोष्ट मात्र पोर्तुगीज गेल्यावरही तशीच राहिली. गोवा, दमण आणि दीव यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. तीस जागांची विधानसभा पणजीत, त्यांतल्या अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. ३० मे १९८७ ला गोवा राज्य होईपर्यंत ही व्यवस्था चालली. म्हणजे तेवीस वर्षांहून अधिक काळ दीवचा आमदार अधिवेशनासाठी गुजरात ओलांडून, मग उभा महाराष्ट्र ओलांडून पणजीला जात होता. ज्या वाटेनं जावं लागू नये म्हणून सालाझारनं विमानं घेतली होती, त्याच वाटेनं.